एकाच सुरांचे दोनदा पैसे

आमचा पाच-सहा जणांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, चहा-चिवडा घ्यायचा आणि नेहमीच्या वळणाबाहेरचं काहीतरी ऐकायचं. मागच्या खेपेला पाळी माझी होती. मी एइनोयुहानी राउतावारा या फिनिश संगीतकाराची सहावी सिम्फनी (शब्दांवाचून, नुसत्या वाद्यवृंदाने वाजवायची मोठी रचना) लावली. नाव ‘व्हिन्सेंटियाना’, साल १९९२, लांबी चाळीसेक मिनिटं. ऐकून झाल्यावर सगळे जरा गप्प होते. तेवढ्यात मी माहिती पुरवली: हे संगीत मुळात सिम्फनीचं नाहीच; याच संगीतकाराच्या ‘व्हिन्सेंट’ नावाच्या ऑपेरातल्या, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकातल्या, ऐवजातून ही सिम्फनी बांधलेली आहे. गटातले एक काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “म्हणजे एकाच मालाचं दोनदा बिल फाडलं की हो!”

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री भांडी आवरताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. काका बोलले गमतीत, पण मुद्दा गमतीचा नव्हता. फिनलंडमध्ये हे बिल खरोखरच जनतेच्या नावावर फाटतं. राष्ट्रीय ऑपेरा मुख्यतः सरकारी पैशावर चालतो. ही सिम्फनी वाजवणारा हेलसिंकी फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद शहराच्या महापालिकेचा. देशाची लोकसंख्या जेमतेम छप्पन्न लाख, म्हणजे आपल्या पुणे महानगराहूनही कमी, आणि तेवढ्यात सुमारे तीस व्यावसायिक वाद्यवृंद. त्यांच्यासाठी १९९३ पासून कायदा आहे. किती माणसांचं किती वर्षकाम, त्यावर सरकारचा वाटा ठरतो. बाकीचा भार प्रामुख्याने नगरपालिकांवर. हेलसिंकीचा वाद्यवृंद तर १८८२ चा, रॉबर्ट कायानुस यांनी उभा केलेला.

(वाद्यवृंद हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गणपतीचा मांडव, चमचमता कोट घातलेला निवेदक आणि ‘फर्माईश’च्या चिठ्ठ्या येतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही, पण इथे गोष्ट दुसरी आहे.)

तर प्रश्न असा. एका संगीतकाराने सरकारी संस्थेसाठी ऑपेरा लिहिला. नंतर त्याच सुरांची सिम्फनी केली आणि ती दुसऱ्या सार्वजनिक संस्थेने वाजवली. यात लोकांच्या पैशाशी प्रतारणा झाली का? माझं उत्तर आहे: अजिबात नाही. पण प्रश्न तिथे थांबत नाही. याच्या नेमकी उलट बाजू मांडणारे लोकही असतात आणि मला त्यांची जास्त भीती वाटते. ते म्हणतात, सिम्फनी एवढी सुंदर झाली असेल तर ऑपेराचा खटाटोप हवाच कशाला? पडदे नकोत, गायक नकोत, चाळीस मिनिटांत काम होतं. आज फिनलंडमध्ये २०२३ नंतरच्या सरकारने कलेच्या अनुदानाला कात्री लावलेली असताना हा युक्तिवाद फार व्यवहारी वाटतो. दिसायला तो काकांच्या शेऱ्याच्या विरुद्ध आहे, पण चूक दोघांचीही एकच: दोन्ही कृती म्हणजे एकच माल, असं दोघं धरून चालतात.

आधी त्या ऑपेराबद्दल. राउतावारांचा जन्म १९२८ चा, हेलसिंकीतला. वडील ऑपेरात गाणारे. पण मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतानाच ते गेले आणि पुढे काही वर्षांत आईही गेली. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका शिष्यवृत्तीसाठी एका तरुण फिन संगीतकाराचं नाव सुचवण्याचं काम फिनलंडचा सर्वांत थोर संगीतकार, नव्वदीतल्या सिबेलियसकडे आलं, त्यांनी राउतावारांचं नाव दिलं, आणि ते न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतविद्यालयात शिकायला गेले. फिनलंडमध्ये सिबेलियसने बोट ठेवलं म्हणजे काय, हे आपल्याला कळायला अवघड नाही. पण या माणसाने पुढची पन्नास-साठ वर्षं ऑपेरा लिहिण्यात घातली. सिबेलियसला जे जमलं नाही, नेमकं ते. ऑपेरांचे शब्दही तो बहुतेक वेळा स्वतःच लिहायचा, फिनिशमध्ये.

‘व्हिन्सेंट’ लिहिला गेला १९८६-८७ मध्ये, रंगमंचावर आला मे १९९० मध्ये, चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या मृत्यूला शंभर वर्षं होत असताना; ऑपेरा त्याच्यावरच आहे. मुख्य भूमिका यॉर्मा ह्युन्निनेन या बॅरिटोनची, म्हणजे मधल्या पट्टीच्या पुरुषी आवाजाच्या गायकाची. गोष्ट सुरू होते फ्रान्समधल्या सेंत-रेमीच्या मनोरुग्णालयात. भोवती इतर रुग्ण, आणि त्यांच्यात बसलेला चित्रकार मागे वळून आपलं आयुष्य पाहतोय. जे समोर येतं ते खरंच घडलं की त्याला भासतंय, हे कळत नाही. हा ऑपेरा मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, ध्वनिमुद्रण ऐकलंय आणि सोबतचे शब्द वाचलेत. तेवढ्यावरूनही एक गोष्ट मनात घर करते: हा माणूस सतत बोलतोय. समजावतोय, चिडतोय, विनवतोय. रंगापेक्षा त्याच्याजवळ शब्दच जास्त आहेत. खऱ्या व्हॅन गॉगची भावाला लिहिलेली पत्रं ज्यांनी चाळलीत त्यांना याचं नवल वाटणार नाही.

आता सिम्फनी. तिचे चार भाग: ‘तारांकित रात्र’, ‘कावळे’, ‘सेंत-रेमी’ आणि ‘अपोथिऑसिस’, म्हणजे माणसाला देवपदाला नेऊन बसवणं. पहिला भाग सुरू होतो तेव्हा आपण सूर ऐकतोय की वारा, हेच समजत नाही. वाद्यांमध्ये सिंथेसायझरही आहे आणि तो काही ठिकाणी मुद्दाम परका, धातूसारखा वाजतो. मग त्या धुरळ्यातून तंतुवाद्यांची रुंद सुरावट वर येते. राउतावारांचं हे नेहमीचं कसब: सप्तकातले बाराही स्वर ठरावीक क्रमाने वापरायच्या कोरड्या गणिताला ते असं भिजवतात की ऐकणाऱ्याला गणिताचा पत्ताही लागत नाही. ‘कावळे’ हा भाग अस्वस्थ, फडफडता. शेवटचा भाग मात्र थेट प्रकाशाकडे चढत जातो. इतका की हा तुकडा पुढे त्यांनी स्वतंत्रपणेही वाजवायला मोकळा केला. म्हणजे ऑपेरा, त्यातून सिम्फनी, त्यातून पुन्हा एक सुटा तुकडा. काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही. ते तिसरं बिल मागतील.

आमच्या घरी आजीच्या नऊवारी लुगड्यांची एक गोधडी आहे. लुगड्याचा काठ गोधडीच्या मध्यावर आलाय, पदर कडेला गेलाय. कापड तेच आहे, पण गोधडी हे लुगड्याचं दुसरं बिल आहे असं कुणी म्हणणार नाही. कारण मधे कुणीतरी कात्री चालवलीय, कुठला तुकडा कुठे हे ठरवलंय आणि अख्खा उन्हाळा टाके घातलेत. ऑपेरातून सिम्फनी करताना हेच काम असतं, किंबहुना त्याहून जड. ऑपेरातला वाद्यवृंद गायकाच्या तालावर चालतो. गायक श्वास घेईल तेव्हा थांबतो, पात्र दार उघडेपर्यंत तोच सूर घोळवत बसतो, कुणी मेलं की गप्प होतो. पुढे काय घडणार, हे गोष्ट ठरवते. सिम्फनीत ही सोय नाही. तिथे पुढचा सूर का आला याचं कारण आधीच्या सुरांतच सापडावं लागतं. मणका आतून तयार व्हावा लागतो. ऑपेरातली चांगली-चांगली वळणं उचलून एकापुढे एक ठेवली तर ती जेमतेम झलक होते, नाटकाच्या जाहिरातीसारखी. ‘व्हिन्सेंटियाना’ तशी वाटत नाही. फक्त तिसऱ्या भागात एखाद-दोनदा मला असं वाटलं की इथे कुणीतरी रंगमंचावर यायला हवं होतं आणि आलं नाही.

यात राउतावारा पहिले नव्हेत. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह यांचा ‘द फायरी एंजल’ हा ऑपेरा त्यांच्या हयातीत रंगमंचावर आलाच नाही. ते वाट बघून कंटाळले आणि १९२८ मध्ये त्याच ऐवजातून त्यांनी तिसरी सिम्फनी बांधली. ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९५५ मध्ये व्हेनिसला. जर्मन संगीतकार हिंडेमिटनेही ग्रुनेवाल्ड या चित्रकारावर ऑपेरा लिहायला घेतला होता. त्याच ऐवजातली ‘माथिस देर मालर’ ही सिम्फनी १९३४ मध्ये बर्लिनला वाजली, पण नाझी सत्तेने ऑपेराची वाट अडवली आणि तो १९३८ मध्ये झ्युरिचला करावा लागला. म्हणजे ज्या काळात माणसांना व्यासपीठावर बोलायची बंदी असते, त्या काळात ऑपेराला सीमेपार जावं लागतं आणि त्याचं बिनशब्दांचं भावंड, सिम्फनी, तेवढी घरी वाजून जाते. तिथे दोनदा पैसे दिले हा हिशेब करायलाही लाज वाटावी.

पण फिनलंडची गोष्ट याहून जुनी आहे आणि मला ती विलक्षण वाटते. १८९३ च्या सुमाराला तरुण सिबेलियसने ‘नावेची निर्मिती’ नावाचा ऑपेरा करायला घेतला. कथा ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यातली. वैनामोइनेन हा म्हातारा गायक-जादूगार गाण्यातून नाव घडवतोय. फळी गाण्याने जोडायची, सुकाणू गाण्याने बसवायचं. काम होत आलं आणि त्याला तीन शब्द कमी पडले. तीनच शब्द, पण त्यांच्यावाचून नाव पुरी होईना. ते शोधायला तो मेलेल्यांच्या देशात, तुओनेलाला गेला. सिबेलियस १८९४ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला जाऊन वॅग्नरचे भव्य ऑपेरा ऐकून आला आणि त्याचा स्वतःच्या ऑपेरावरचा विश्वास उडाला. ऑपेरा बारगळला. मात्र त्याचं प्रास्ताविक संगीत टिकलं आणि आज जगभरचे वाद्यवृंद ते ‘तुओनेलाचा हंस’ म्हणून वाजवतात. कोर आंग्ले नावाच्या एका खोल आवाजाच्या सुषिर वाद्याची ती लांबलचक, एकट्याने म्हटलेली ओळ. कमी पडलेल्या शब्दांवरचा ऑपेरा मोडला आणि त्यातून जे उरलं त्यात शब्दच नाहीत. कुणी कादंबरीत असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फार जुळवून आणलंय.

म्हणजे आधुनिक फिनिश वाद्यसंगीताच्या मुळाशीच एक न झालेला ऑपेरा आहे. आणि म्हणूनच, माझा कयास असा की, ‘शब्द गळून पडले ते बरंच झालं’ ही भावना तिथल्या आणि जगातल्या रसिकांमध्ये इतकी सहज रुजली. आमच्या गटातही एका बाईंनी हेच म्हटलं: “फिनिश कुणाला कळतंय? शब्दांचा गाळ खाली बसला आणि वर निव्वळ संगीत राहिलं.”

मला हे पटत नाही. एक तर फिनिश ही अशी भाषा आहे की तिच्यात लांबी म्हणजेच अर्थ. ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक आहे, पण गाताना ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण आपण सर्रास खपवून घेतो. फिनिशमध्ये ती खपवली तर गायक आगीबद्दल गातोय की जकातनाक्याबद्दल, असा प्रश्न पडेल. शिवाय प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर. फिनिशमध्ये गाण्यासाठी लिहिलेल्या सुरावटीची चण या नियमांनी ठरते. ठोका कुठे पडेल, स्वर किती रेंगाळेल, हे संगीतकाराने आणि भाषेने मिळून ठरवलेलं असतं. नंतर तीच सुरावट व्हायोलिनवर गेली तरी भाषेचा मणका आत राहतोच. तो ऐकू येतो, फक्त कुणाचा आहे हे आठवत नाही. त्याला गाळ कसं म्हणायचं?

दुसरं असं की शब्द गेले की गोष्टीचे दात जातात. फिनिश संगीतकार आउलिस सालिनेन यांचं उदाहरण घ्या. पाव्हो हाविक्को या कवीच्या शब्दांवर त्यांनी ‘राजा फ्रान्सला निघाला’ हा ऑपेरा लिहिला. हिमयुग येतंय, इंग्लंड गोठतंय, आणि राजा माणसं-लवाजमा घेऊन फ्रान्सवर चालून जातो. जाता जाता सत्तेची चटक लागून तो जुनीच युद्धं नव्याने खेळत सुटतो. सत्तेची इतकी कोरडी, वाकडी टिंगल ऑपेरात क्वचित सापडते. सावोनलिनाच्या तळ्यातल्या जुन्या किल्ल्यात, १९८४ च्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा झाला. पण त्याच्याही आधी, त्याच विचारांच्या छायेत लिहिलेली ‘सावल्या’ ही छोटी वाद्यवृंद रचना वॉशिंग्टनमध्ये वाजली होती, १९८२ मध्ये, रोस्त्रोपोविच यांच्या संचालनाखाली. रचना भारदस्त आहे, काळोखी आहे. पण कल्पना करा: अमेरिकेची राजधानी, शीतयुद्धाचा काळ, आणि सत्ताधीशाची टवाळी करणाऱ्या नाटकाची फक्त सावली सभागृहातून फिरून गेली. कुणालाच काही टोचलं नसणार. राजा अजून मंचावर यायचा होता.

‘व्हिन्सेंटियाना’चंही मला हेच खुपतं, आणि त्या सिम्फनीवर प्रेम असूनही खुपतं. तिच्या भागांची नावं पुन्हा बघा. तारांकित रात्र. कावळे. हा व्हॅन गॉग आपल्या ओळखीचा आहे: मगवरचा, छत्रीवरचा, कापडी पिशवीवरचा. ‘तारांकित रात्र’ त्याने १८८९ च्या जूनमध्ये रुग्णालयात असताना काढली, खिडकीला गज होते. कावळ्यांचं शेत रंगवल्यावर तो महिनाभरही जगला नाही. ऑपेरात तुम्हाला या गजांच्या आतून बोलणाऱ्या माणसाशेजारी बसावं लागतं. तो तुमचा पिच्छा सोडत नाही, कधीकधी नकोसा होतो. सिम्फनीत तो माणूस निघून गेलाय, त्याची चित्रं तेवढी उरलीत आणि शेवटी प्रकाश. त्या प्रकाशाने माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल. पण ऑपेरात त्याच प्रकाशापर्यंत पोचायला जी किंमत मोजावी लागते ती सिम्फनीत दिसत नाही. दुःखाचं चित्र झालं की ते भिंतीवर लावता येतं.

आपल्याकडच्या नाट्यसंगीताची आठवण इथे टाळता येत नाही. तिथे गोष्ट उलटी घडली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं, त्यानंतर अर्धशतकभर मराठी माणूस नाटकात गाणं आणि गाण्यात नाटक ऐकत होता. पुढे नाटकं मागे पडली आणि पदं मैफलीत आली. म्हणजे शब्द टिकले, चाल टिकली, पण पात्र हरवलं. आज भैरवीतलं एखादं नाट्यपद वीस मिनिटं रंगतं, वाहवा होते, आणि सभागृहातल्या शंभरातल्या नव्वदांना ते कुठल्या नाटकात, कुणी, कुणाला उद्देशून म्हटलंय हे ठाऊक नसतं. काही गायकांनाही नसतं. मैफलीने ती पदं जगवली हे खरं, आणि तेवढ्याने नाटक जगलं असं आपण समजून बसलो हेही खरं.

क्रम नेहमी ऑपेरा आधी, वाद्यरचना मागून, असाच असतो असंही नाही. काइया सारियाहो या फिनिश संगीतकार बाईंनी तो पार बदलला. ‘दूरचं प्रेम’ हा त्यांचा ऑपेरा साल्झबुर्गला २००० च्या ऑगस्टमध्ये झाला. बाराव्या शतकातला एक कवी-गायक, समुद्रापलीकडची त्रिपोलीची कधी न पाहिलेली स्त्री, आणि मधला प्रवास. पण त्याआधीच, १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने त्यांची ‘ओल्त्रा मार’ ही समूहगान आणि वाद्यवृंदासाठीची सात भागांची रचना सादर केली होती. प्रस्थान, प्रेम, लाटा, काळ, लाटांची आठवण, मृत्यू, आगमन. तिच्यात ऑपेराचा समुद्र आधीच उसळलेला ऐकू येतो. ती त्यांची तालीमखोली होती म्हणा ना. आणि ऑपेरा होऊन गेल्यावर २००१ मध्ये त्यांनी त्यातून दोन गायक आणि वाद्यवृंदासाठी पाच ‘प्रतिबिंबं’ काढली, शब्दांसकट. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात गायकाला उभं राहायला जागा ठेवली की नाटकाचा धागा तुटत नाही.

पण एक आहे: तो ऑपेरा फ्रेंचमध्ये आहे, अमीन मालूफ यांच्या शब्दांवर. सारियाहो १९८२ पासून पॅरिसमध्ये राहिल्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ‘दूरचं प्रेम’ केला तेव्हा तिथे एका स्त्रीचा ऑपेरा तब्बल ११३ वर्षांनी होत होता. हे यश मोठंच. पण तो फिनिशमध्ये असता तर तिथवर पोचला असता का, हा प्रश्न फिनलंडने विचारायला हवा. त्यांच्या अखेरच्या ‘इनोसन्स’मध्ये, २०२१ च्या, सोफी ओक्सानेन यांनी शब्द फिनिशमध्ये लिहिले आणि मग ते पात्रांप्रमाणे नऊ भाषांत वाटले गेले. फिनिश तिथे आहे, पण नवांतली एक म्हणून. मोठ्या जगात जायचं तर छोट्या भाषेपुढे दोन वाटा असतात: दुसऱ्या भाषेत बोला, नाहीतर न बोलता वाजवा. ‘व्हिन्सेंटियाना’ ही दुसरी वाट आहे.

म्हणून सार्वजनिक पैसा जिथे लागतो तो इथे, या दोन वाटांच्या अलीकडे. सिम्फनीला जगात गिऱ्हाईक मिळतं. आपल्या मुंबईत २००६ पासून भारताचा एकुलता एक व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद आहे. उद्या त्यांनी मनावर घेतलं तर ‘व्हिन्सेंटियाना’ नरिमन पॉइंटला वाजू शकते. ‘व्हिन्सेंट’ ऑपेरा मात्र वाजणार नाही, कारण तो फिनिशमध्ये गाणारे दहा-बारा गायक, समूहगायक आणि महिन्यांच्या तालमी मागतो. ज्याला बाजार नाही त्याच्यासाठीच तर अनुदान असतं. ‘एका प्रयोगामागे खर्च किती’ असा भागाकार करून ऑपेराला महाग ठरवणारे लोक त्या भागाकारात सिम्फनीचे प्रयोग धरत नाहीत. धरले तर आकडा एकदम सुसह्य होईल.

आणि तरीही हा हिशेब मला अर्धवटच वाटतो, कारण त्यात ‘काइव्होस’ला जागा नाही. ‘काइव्होस’ म्हणजे खाण. राउतावारांचा हा पहिला ऑपेरा, १९५६ च्या हंगेरीतल्या, सोव्हिएत सत्तेविरुद्धच्या उठावाच्या धक्क्यातून लिहिलेला. शेजारी सोव्हिएत संघ, आणि हा ऑपेरा खाणीत अडकलेल्या बंडखोरांचा. १९६३ मध्ये तो दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि मग दशकानुदशकं पडून राहिला. त्यातून कुठली लोकप्रिय सिम्फनी निघाली नाही, प्रकाशाकडे नेणारा कुठला तुकडा सुटा झाला नाही. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात किती वाजतो यावर ऑपेराची किंमत ठरवायची म्हटली तर ‘काइव्होस’ शून्य. मला तर उलट वाटतं. असे ऑपेरा लिहू देण्याची ऐपत असणारी व्यवस्था होती, म्हणून पंचवीस वर्षांनी त्याच माणसाच्या हातून ‘व्हिन्सेंट’ झाला. राष्ट्रीय ऑपेराची नवी इमारत १९९३ मध्ये उघडली, सालिनेन यांच्या ‘कुल्लेर्व्हो’ने. हा ऑपेरा त्या उद्घाटनासाठीच ठरला होता, पण इमारत रखडली आणि त्याचा पहिला प्रयोग आदल्या वर्षी थेट लॉस एंजलिसला करावा लागला. सरकारी बांधकामं सगळीकडे सारखीच.

आता माझं मागणं एवढंच आहे, आणि ते स्वस्त आहे. ज्या वाद्यवृंदाला सार्वजनिक पैसा मिळतो, त्याने ऑपेरातून आलेली रचना वाजवायची असेल तर त्याच संध्याकाळी, सिम्फनीच्या आधी, मूळ ऑपेरातला एखादा प्रवेश मूळ भाषेत गाऊन घ्यावा. सात-आठ मिनिटं पुरेत. शब्दांचा अर्थ पडद्यावर किंवा कागदावर द्यावा. सेंत-रेमीच्या गजांमागचा तो माणूस आधी दोन वाक्यं बोलला, की मग ‘तारांकित रात्र’ सुरू होऊ दे. पोशाख नको, नेपथ्य नको. वाढीव खर्च म्हणजे एका गायकाची एका रात्रीची बिदागी आणि एका दिवसाची जादा तालीम.

काकांना मी फोनवर हे सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हा खर्च ऑपेराच्या खात्यात घालायचा की सिम्फनीच्या. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. पुढच्या बैठकीला पाळी त्यांची आहे, आणि त्यांनी ऑपेराच्या दोन्ही तबकड्या माझ्याकडून मागून नेल्यात, शब्दांच्या पुस्तिकेसकट.